पहिलीतल्या लेकराच्या हातात कोणते पुस्तक?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच बैठकीत अभिजात दर्जा दिला. सोबत प्राकृत, बंगाली आणि आसामी याही भाषा होत्या. एक भाषा आपल्या घरात बोलली जाते, दुसरी आपल्या वंदनेत म्हटली जाते. त्यामुळे आपल्या समाजाला या निर्णयाचा दुहेरी आनंद होणे साहजिक होते. पुढे सहा-सात महिन्यांतच राज्यात भाषेवरून दुसरा वाद पेटला. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनला त्यात बदल केला गेला. विरोध वाढल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली.

सहा वर्षांच्या मुलावर किती भाषांचे ओझे टाकायचे, यावर या काळात तासन् तास चर्चा झाल्या. त्या मुलाच्या हातात मराठीतले, त्याला स्वतःहून वाचता येईल असे पुस्तक कोणते आहे, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. सरकारने नाही, विरोधकांनी नाही आणि चळवळीनेही नाही. खेड्यातल्या किंवा शहराच्या वस्तीतल्या बहुतेक घरांत याचे उत्तर एकच असते, ते म्हणजे पाठ्यपुस्तक. ते संपले की वाचायला राहते दुकानाची पाटी, गुटख्याची पुडी आणि मोबाइलचा पडदा.

आपल्या समाजाची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जेवढी पुस्तके विकली जातात, तेवढी एखाद्या धार्मिक-सामाजिक मेळ्यात विकली जाण्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात दाखवणे कठीण आहे. पोटाला चिमटा काढून ग्रंथ विकत घेणारा हा समाज आहे. पण त्याच स्टॉलवर आई लेकराला घेऊन आली आणि ‘दुसरीतल्या पोरीला वाचता येईल असे काही द्या’ म्हणाली, तर विक्रेता तिच्या हातात काय ठेवतो? बहुतेक वेळा बारीक टाइपातले, चरित्राचे छोटे पुस्तक. त्यात पहिल्या पानापासून ‘महापरिनिर्वाण’, ‘धम्मचक्रप्रवर्तन’, ‘राष्ट्रनिर्माते’ असे शब्द येतात. पोरगी दोन ओळी अडखळत वाचते आणि पुस्तक मिटते. मोठ्यांना वाटते, हिला वाचनाची गोडी नाही.

गोडीचा प्रश्न नंतरचा. तिला पेलेल असे, तिच्या जगातले पुस्तक आपण तयारच केलेले नाही, ही मूळ अडचण आहे. तिचा परिणाम केवळ भावनिक नाही, साक्षरतेवरच होतो.

१९२७ चा हिशेब

बाबासाहेबांचे शिक्षणकार्य म्हटले की आपल्यासमोर सिद्धार्थ महाविद्यालय, मिलिंद महाविद्यालय आणि वसतिगृहे येतात. ते बरोबरच आहे. पण १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी मांडलेला हिशेब आपण क्वचितच आठवतो. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. शाळेत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहावे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू असल्याचे त्यांनी सांगितले.

यातले ‘पुन्हा निरक्षर होणे’ नीट लक्षात घ्यायला हवे. अक्षरे एकदा शिकली की कायमची राहतात, असा आपला समज असतो. बाबासाहेबांचा नव्हता. वापरात न राहिलेली अक्षरओळख पुसली जाते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

आज गळती तेवढी नाही. मुले आठवी-दहावीपर्यंत शाळेत टिकतात. २०११ च्या जनगणनेत बौद्धांचा साक्षरता दर ८१.२९ टक्के होता आणि देशाचा ७२.९८. धर्मांतरानंतरच्या दोन-तीन पिढ्यांनी उपाशीपोटी शिकून हा फरक घडवला. त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण जनगणनेतली साक्षरता घरच्यांनी सांगितल्यावर नोंदली जाते, मुलाच्या समोर उतारा ठेवून नाही. उतारा ठेवून पाहणारी पाहणी म्हणजे ‘असर’. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीत असलेल्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ होते, म्हणजे सुधारणा आहे. पाचवीतही मात्र निम्म्याहून कमी, ४४.८ टक्केच मुले दुसरीचा मजकूर वाचू शकतात. ही आकडेवारी धर्म-जातीनुसार मांडलेली नसते. तरी खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आज कोणाची मुले बसतात, हे या संकेतस्थळाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ज्यांना परवडते त्यांनी इंग्रजी माध्यमाची पिवळी बस गाठली आहे.

केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने ५ जुलै २०२१ पासून तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे ध्येय ठेवले आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली. ध्येय योग्य आहे. अडचण ‘समजून’ या शब्दापाशी आहे.

वाचता येणे आणि कळणे

१९७९ मध्ये अमेरिकेत मार्गारेट स्टेफनसेन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी एक साधा, पण डोळे उघडणारा अभ्यास केला. भारतीय आणि अमेरिकन वाचकांना त्यांनी दोन पत्रे वाचायला दिली. एकात भारतीय लग्नाचे वर्णन होते, दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचे. दोन्ही गटांतल्या लोकांना इंग्रजी उत्तम येत होते. तरीही प्रत्येक गटाने आपल्याकडच्या लग्नाचे पत्र लवकर वाचले आणि त्यातले जास्त लक्षात ठेवले. परक्या लग्नाच्या पत्राचा अर्थ मात्र अनेक ठिकाणी उलटासुलटा लावला. अमेरिकन वधूने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिथे तो मानाचा प्रकार समजला जातो. काही भारतीय वाचकांना वाटले, बिचारीला जुना, फॅशन गेलेला कपडा घालावा लागला.

हे शिकलेल्या प्रौढ माणसांचे झाले. आता सात वर्षांच्या मुलाचा विचार करा. त्याची अर्धी शक्ती काना-मात्रा लावण्यात आणि जोडाक्षर फोडण्यातच खर्च होते. मजकुरातले घर, जेवण, सण, नाती हे सगळे ओळखीचे असेल, तर पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज ते बांधू शकते आणि हा अंदाज त्याला पुढे ढकलतो. मजकुरातले सगळेच परके असेल तर अक्षर फोडा, शब्द ओळखा आणि वर ते जगही कल्पून घ्या, असे तिहेरी काम त्याच्यावर पडते. मग ते वाचत नाही, फक्त उच्चारत जाते. शिक्षक म्हणतात, ‘वाचतो, पण कळत नाही.’

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने हाच पेच वेगळ्या बाजूने सोडवला. वर्गात येणारी वाचनपुस्तके गोऱ्या, मध्यमवर्गीय घरातल्या मुलांची असायची. तिने ती बाजूला ठेवली. रोज सकाळी प्रत्येक मुलाला ती विचारायची, आज तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द ती कार्डावर लिहून द्यायची. भूत, आई, भांडण, जे मनात असेल ते. जो शब्द मुलाच्या पोटातून आला, तो एकदा पाहून त्याला वाचता यायचा. पुढे तिने याच मुलांच्या जगातली छोटी वाचनपुस्तके स्वतः रंगवून तयार केली. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे ‘टीचर’ हे पुस्तक आपल्या विहारात वर्ग घेणाऱ्या प्रत्येक तरुणाने मिळवून वाचावे, असे माझे मत आहे.

गोष्टीत आपली आजी कोण असते?

मराठी बालसाहित्य गरीब नाही. ‘गोट्या’, ‘चिंगी’, ‘फास्टर फेणे’ यांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची सवय लावली. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक आज घरबसल्या मोफत वाचता येतात. ही परंपरा नाकारण्यात शहाणपण नाही. मात्र तिच्यातले घर कोणाचे आहे, हे पाहिले पाहिजे.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजी आपल्या बाजूचे होते, यात शंका नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले. त्या पुस्तकात एक म्हातारी महार बाई आहे. तिची मोळी पडते आणि श्यामची आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते. त्या काळी हे लिहिणे धाडसाचे होते आणि ते लिहिले म्हणून असंख्य सवर्ण मुलांची मने हलली. पण तीच गोष्ट आपल्या वस्तीतली मुलगी वाचते तेव्हा तिला तिथे कोण दिसते? तिची पणजी दिसते, पण दयेची धनी म्हणून. तिला नाव नाही, घर नाही, नात नाही. ती संध्याकाळी घरी जाऊन चुलीपुढे काय बोलली असेल, हे त्या पुस्तकात नाही. गोष्टीचा नायक दुसराच कोणीतरी आहे. पणजी त्याच्या मोठेपणाचे निमित्त आहे.

ते घर, ती चूल, ते बोलणे आपल्या लेखकांनी नंतर लिहिले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ या आत्मकथनांची पाने बालपणाने भरलेली आहेत. शाळेतला पहिला दिवस, आईचे काम, नदी, जत्रा, भूक, चोरून खाल्लेली कैरी असे सारे काही. मराठी साहित्यात मुलांचे एवढे दाट अनुभव दुसरीकडे क्वचित सापडतील. आणि यातले एकही पुस्तक मुलांसाठी नाही. ते असायलाही नको, कारण त्यातली हिंसा आणि अपमान सात वर्षांच्या मुलाच्या गळी उतरवायचा नसतो. मुद्दा असा की बालपणाचा सगळा कच्चा माल आपल्या घरात पडून आहे आणि आपण त्याची पुस्तके फक्त मोठ्यांसाठी केली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकघराची नोंद केली, तीही मोठ्यांसाठी. रंगीत चित्रपुस्तकात असे स्वयंपाकघर, त्यात सुकट भाजणारी आई आणि वासाने धावत येणारी पोरे पाहायला मिळणे दुर्मीळच.

शेजारच्या तेलुगू प्रदेशात याबाबत थोडे पुढचे काम झाले. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास संस्थेने २००८ च्या सुमारास ‘डिफरंट टेल्स’ नावाची मुलांच्या पुस्तकांची मालिका केली. तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजी अशा तीन भाषांत ती आली. गोगू श्यामला यांच्यासारख्या दलित लेखिकेने त्यात लिहिले. मोहम्मद खदीर बाबू यांच्या एका गोष्टीचा विषय तर घरी रांधलेल्या बोकडाच्या मुंडीचा रस्सा हा आहे! शाळेत डबा झाकून खाणाऱ्या मुलाला अशी गोष्ट छापलेली दिसते तेव्हा काय होत असेल, याची कल्पना करून पाहा. दिल्लीच्या ‘नवयान’ने कांचा इलैया यांचे कष्टाच्या प्रतिष्ठेवरचे पुस्तक २००७ मध्ये आणि बाबासाहेबांच्या अनुभवांवरचे ‘भीमायन’ २०११ मध्ये काढले. दोन्हींत गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम यांचा हात आहे, ‘भीमायन’मध्ये सुभाष व्याम यांचाही. ती पुस्तके सुंदर आहेत, पण दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांची. पहिली-दुसरीचा कोपरा तिथेही रिकामाच आहे.

बोली आणि बुद्धवचन

यवतमाळ-अकोल्याच्या मुलाने घरात ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ एवढेच ऐकलेले असते. शाळेत पहिल्याच आठवड्यात त्याला कळते की हे बोलणे चुकीचे आहे. त्याच्या आईचे बोलणेही चुकीचे आहे, हा निष्कर्ष मग ते स्वतःच काढते. पुस्तकात ‘मला’ लिहिले आहे, तिथे ते ‘मले’ वाचते. खरे तर हा वाचनातला उत्तम टप्पा आहे. मूल अक्षरे न घोकता अर्थ वाचते आहे, याचा हा पुरावा. पण बहुतेक वर्गांत त्यावर फुली पडते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू तथागतांकडे तक्रार घेऊन आले. वेगवेगळ्या कुळांतून, देशांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवतात, तेव्हा ते छंदस् भाषेत बांधू या, असे त्यांचे म्हणणे. तथागतांनी त्यांना फटकारले आणि प्रत्येकाने ते आपापल्या बोलीत शिकावे अशी मुभा दिली. अट्ठकथाकार बुद्धघोषांनी यातल्या ‘आपल्या बोली’चा अर्थ मागधी असा लावला, त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला सरळ अर्थच पटतो, कारण तक्रारीचा सगळा रोख बोलींच्या सरमिसळीवर आहे. पालीला अभिजात दर्जा मिळाल्याचा जल्लोष करणाऱ्यांनी पालीतल्या याच प्रसंगाकडे पाठ फिरवावी, हे बरे नाही.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवू नये असा मुळीच नाही. प्रमाण भाषा आली नाही तर स्पर्धा परीक्षा नाही, न्यायालय नाही, वर्तमानपत्र नाही. पण ती पायरी दुसरी आहे. पहिल्या पुस्तकात निवेदन सोप्या प्रमाण मराठीत आणि माणसांचे बोलणे त्यांच्या बोलीत, एवढे केले तरी मुलाला दोन्हींमधला पूल दिसतो. ज्यांच्या अध्यक्षतेखाली भाषा समिती नेमली गेली, त्या डॉ. जाधवांच्या गाजलेल्या पुस्तकाचे नावच ‘आमचा बाप आन् आम्ही’ आहे. त्यातला ‘आन्’ कोणी ‘आणि’ करून दाखवावा.

चरित्राच्या पलीकडे

आता एक कटू गोष्ट. आपल्यातले कोणी मुलांसाठी लिहायला बसले की दोनच प्रकार निघतात, चरित्र आणि उपदेश. आदर कितीही खरा असला तरी सगळीच पुस्तके महापुरुषांची झाली की मुलाला वाचन म्हणजे आणखी एक परिपाठ वाटू लागते. मुलाला गंमत हवी असते. हरवलेली कोंबडी, रात्री पत्र्यावर वाजणारा पाऊस, नळावरचे भांडण, सुटीत ऊसतोडीवरून परत आलेला मित्र, जयंतीच्या मिरवणुकीत हरवलेली चप्पल. या शेवटच्या गोष्टीत निळा झेंडा आपोआप येतो, तो मुद्दाम रोवावा लागत नाही. ‘जय भीम’ म्हणत घरात शिरणारा मामा गोष्टीत आला की पुरे, त्याने तिथे भाषण करू नये.

जुन्या साहित्यातून घ्यायचेच असेल तर निवडून घ्या. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. सगळ्याच मुलांच्या कामाच्या नाहीत आणि काहींमधली स्त्रियांविषयीची मते तर आज मोठ्यांनाही देऊ नयेत अशी आहेत. पण अंबजातक पाहा. एक ब्राह्मण तरुण चांडाल गुरूकडून अवेळी आंबे पिकवण्याचा मंत्र शिकतो. गुरू एकच सांगतो, कोणी विचारले तर माझे नाव लपवू नकोस. राजा आंबे खाऊन खूश होतो आणि विचारतो, कोणाकडून शिकलास? तरुणाला लाज वाटते. तो तक्षशिलेच्या आचार्यांचे नाव सांगतो आणि मंत्र विसरतो. अर्ध्या पानात बसणारी ही गोष्ट आहे. तिच्यात आंबा आहे, राजा आहे, फजिती आहे आणि कोणाच्या ज्ञानावर कोणाचे नाव लागते हा आजही जळता असलेला प्रश्न आहे. सात वर्षांच्या मुलाला तो प्रश्न समजावून सांगायची गरज पडत नाही, त्याला खोटे बोलल्यावर आंबे गायब झाले एवढे कळते. बाकीचे ते पंधराव्या वर्षी आठवेल. राहुलाला तथागतांनी भांड्यातले पाणी सांडून दाखवत खोटे न बोलण्याविषयी सांगितले, तो प्रसंगही असाच आहे, हाताने करून दाखवण्याजोगा. अशोकाच्या बैराटच्या लेखात राहुलाला केलेल्या या उपदेशाचा उल्लेख आहे, हे मोठ्या मुलांना सांगता येईल.

आणखी एक खाण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला-वाचायला मिळतात. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. दोन ओळी, ठेका, पुन्हा पुन्हा येणारे शब्द असल्यामुळे वाचायला शिकणाऱ्याला यापेक्षा सोयीचा मजकूर कोणता? आणि तो आजीला पाठ असण्याची शक्यता आहे. आजी म्हणते, नात बोट ठेवून वाचते. निरक्षर आजीही त्या वेळी शिक्षिका असते.

विहारात काय होऊ शकते

रविवारच्या धम्मवर्गात मुले त्रिसरण-पंचशील खणखणीत म्हणतात. पाठांतराची ताकद मोठी आहे. तेच शब्द मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून, म्हणताना प्रत्येक शब्दावर काठी ठेवत गेले, तर कानाला पाठ असलेले डोळ्याला दिसू लागते. छापलेला शब्द आणि बोललेला शब्द यांची गाठ अशीच पडते. मात्र याला वाचन समजून थांबायचे नाही. पाठ असलेले ‘वाचणारे’ मूल नव्या ओळीवर अडकते, म्हणून शेजारी नवी ओळ हवीच.

ती नवी ओळ आणायला पैसा किती लागतो? फार नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके खुल्या परवान्याने ठेवलेली आहेत. मूळ लेखक-चित्रकाराचे नाव द्यायचे, बाकी छापा, वाटा, भाषांतर करा, अगदी बोलीतही करा. तिथली चित्रे वापरून स्वतःची गोष्टही रचता येते. पातळ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत, दुसरी सहाशेपर्यंत. लिहायला बसणाऱ्या तरुणांनी आधी या पहिल्या पातळीच्या पंचवीस-तीस गोष्टी वाचून काढाव्यात. पानावर एक-दोन वाक्ये, मोठा टाइप, अर्धी गोष्ट चित्रात, जोडाक्षरे मोजकी आणि एखादे वाक्य दर पानावर परत येणारे. पीएचडी झालेल्या माणसालाही हे लिहिताना घाम फुटतो.

जयंतीच्या वर्गणीतून डीजे लावावा की पुस्तके घ्यावीत, हा वाद मला आता कंटाळवाणा वाटतो. दोन्ही होते आणि होत राहील. पण मंडळाच्या हिशेबात बालपुस्तकांची एक ओळ यायला हरकत नसावी. महाविद्यालयांत १४ एप्रिलच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यास करण्याची परंपरा रुजली आहे. वस्तीत त्याच दिवशी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी अठरा मिनिटे ठेवता येतील. एक मोठा, एक लहान, एक पुस्तक. मोठ्याने आधी वाचायचे, मग मुलाने.

आणि मुलांना लिहूही द्या. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला, तो लिहिणारी मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी होती. पुण्यात आपल्या मुलींना अक्षरे मिळून तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. तिच्यासाठी कोणी बालसाहित्य लिहून ठेवलेले नव्हते, तिने आपल्या घरचेच लिहिले. आपल्या वर्गातल्या मुलाला चार वाक्ये सांगायला लावा, ती त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या, चित्र त्याचेच. दोन कागद दुमडून मध्ये पिन मारली की आठ पानांचे पुस्तक होते. दहा झेरॉक्स काढल्या की वस्तीचे ग्रंथालय सुरू होते. ‘मले’ असेल तर ‘मले’च राहू द्या.

अशा घरगुती पुस्तकांत भरपूर चुका राहतील, काही गोष्टी फसतील. म्हणून छापखान्यात देण्यापूर्वी प्रत्येक गोष्ट पाच-सहा मुलांपुढे ठेवून गप्प बसावे. कोणत्या पानावर मूल हसले, कुठे अडकले, कुठे पुस्तक खाली ठेवून खिडकीबाहेर पाहू लागले, हे वहीत टिपावे. ज्या पानावर पुस्तक खाली ठेवले गेले ते पान पुन्हा लिहावे. विद्वानांचा अभिप्राय त्यानंतर घेतला तरी चालेल.